लंबगोल वर्तुळ

24 नोव्हेंबर 2020, मंगळवार

कोरोनामुळं बंद असलेली शाळा काल उघडली. नववी ते बारावीच. त्याआधी आम्हा सगळ्या शिक्षकांना ग्रामीण रुग्णालयात रांगेत उभं करून नाकात काडी घातली. शिपाई मामा म्हणाले, "मेंदूला टोचलं जनू."

माझ्या दहावीचा पट 46. एका बाकावर एकच बसवायचा, म्हणून दोन गट, दिवसाआड. काल 19 आले, 20 जणांची पाळी आज. राहिलेल्या सातांची संमतीपत्रंच नाहीत. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाचे वडील मुंबईहून आल्यापासून धास्तावलेले. पालकांची सही नसेल तर मुलाला वर्गात घ्यायचं नाही, आणि हजेरीची सक्तीही करायची नाही. वर तोंडी निरोप, "ऑफलाइनबरोबर ऑनलाइनपण चालू ठेवा, मॅडम." हे 'बरोबर' म्हणणाऱ्यानं एकदा हातात खडू धरून बघावं.

फोन माझाच. वर्गात सॉकेट एकच, खिडकीपाशी. रेंजच्या दोन कांड्या येतात त्याही तिथंच. मग खिडकीजवळच्या बाकावर दुसरा बाक चढवला आणि डस्टरला टेकवून फोन उभा केला. स्क्रीनवर मला माझीच अक्षरं उलटी दिसायला लागली. घाबरून सगळं पुसलं. तर फोनमधून आवाज आला, "मॅडम, आमाला सरळच दिसतंय, पुसलं का?"

2 डिसेंबर, बुधवार

हजेरीच्या कॅटलॉगमध्ये काय मांडायचं हा प्रश्न आहे. वर्गात असेल तर हजर, हे सरळ. पण फोनवरच्याला गैरहजर लिहायला हात होत नाही. म्हणून मी त्यांच्या नावापुढच्या चौकटीत पेन्सिलनं बारीक टिंब देते. मुख्याध्यापक सरांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

मास्कमधून बोलून घसा बसलाय. वर्गातल्या कुणी उत्तर दिलं की ते फोनला ऐकू जात नाही, म्हणून मी परत म्हणायचं. फोनमधल्यानं विचारलं की वर्गाला कळत नाही, तेही परत म्हणायचं. पस्तीस मिनिटांच्या तासात गणित किती झालं ते विचारू नये. अभ्यासक्रम 25 टक्के कमी केलाय म्हणतात. मला तो दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

10 डिसेंबर, गुरुवार

आजचं लिहायचं मनात नव्हतं.

'वर्तुळ' चाललंय. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय, म्हणजे वर्तुळाला टेकणारी रेषा त्रिज्येशी काटकोन करते ते. मुलांना ऐकू जावं म्हणून परिपाठाचा स्पीकर फोनला जोडला होता. मी फळ्याकडे तोंड करून लाकडी कंपास फिरवत होते, आणि स्पीकरमधून एका पोराच्या बापाचा आवाज अख्ख्या वर्गात घुमला, "आरं ए, ठेव की त्यो मोबाइल खाली! म्हशी वरडायला लागल्यात, पानी कोन दावनार, मास्तरीन?"

वर्ग खो खो हसला. मास्तरीण पण हसली, खोटं कशाला लिहू. आणि फोनचा माइक चालूच होता. आमचं सगळं हसू त्याच्या घरी गेलं. स्क्रीनवरचा त्याच्या नावाचा गोल गेला तो गेलाच. माइक बंद करायला मला चार पावलं चालावं लागलं असतं. हातात कंपास होता, एवढंच कारण.

वर्गात कुणाला बाप हाक मारत नाही. शाळेच्या फाटकापाशी घर संपतं, याच भरवशावर आम्ही इतकी वर्षं शिकवलं. पोरगा फाटका सदरा घालून आला तरी त्याच्या घरातला आवाज त्याच्यामागून येत नव्हता.

13 डिसेंबर, रविवार

गुरुवारपासून त्याचं टिंब नाही. आज सकाळी त्याच्या वाडीवर गेले. अंगणाच्या कडेलाच थांबले. आजीला दमा आहे, सही त्यामुळंच नाही. ओसरीवरून तीच ओरडली, "मास्क लावलाय नव्हं?" वडील ओशाळले होते. चहा घेता का म्हणाले, मग मास्कचं लक्षात येऊन स्वतःच गप्प झाले.

तो गोठ्यात होता. वही मागितली तर मुकाट्यानं आणून दिली. बुधवारपर्यंतचं सगळं उतरवलेलं, तारखेसकट. नेहमीसारखं गिचमिड, पण पूर्ण. फक्त वर्तुळ नव्हतं. त्या जागी अंड्यासारखा लंबगोल, हातानं काढलेला, त्याला टेकून स्पर्शिका, मध्यापासून त्रिज्या. आणि समासात बारीक अक्षरात: '78 अंश?'

कंपास नाही का, विचारलं.

"हाय की. पन तुमी काढल्यालं असंच दिसत हुतं, मॅडम."

खिडकीपाशी तिरका ठेवलेला फोन. त्यातून माझं गोल वर्तुळ सगळ्यांना चेपलेलं दिसणार, हे मला पंधरा दिवसांत सुचलं नाही. त्यानं दिसलं तसं काढलं. मग कोनमापक लावला. प्रमेय म्हणतं 90, वहीत येतात 78. तीनदा मोजलं म्हणाला. आपलंच चुकतंय असं वाटून प्रश्नचिन्ह टाकलं आणि कुणाला विचारलं नाही. बाकीच्यांनी बहुधा पाहिलंही नाही, किंवा 90 लिहून मोकळे झाले.

म्हशीपुढं बादली ठेवत त्यानं प्रमेय म्हणून दाखवलं, अप्रत्यक्ष सिद्धतेसकट. एका जागी अडखळला, पण माझ्या वर्गातले निम्मे त्या जागी अडखळतात. मी समासातल्या 78 खाली सही केली.

14 डिसेंबर, सोमवार

फोन फळ्यासमोर मधोमध. शिपाई मामांनी दोन वर्गांतून वायर ओढून आणली. आता पहिल्या रांगेतली पोरं म्हणतात, "मॅडम, फोन मध्ये येतोय." रेंज एका कांडीवर. तो आला होता. माइक बंद ठेवून.

9 जून 2021, बुधवार

एप्रिलमध्ये परीक्षाच रद्द झाली. आता गुण आम्ही द्यायचे: लेखीचे 30, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20, उरलेले 50 नववीच्या निकालावरून. दोन दिवस कॅटलॉग घेऊन बसलेय. पेन्सिलची टिंबं पुसट झालीत, काही माझ्याच मनगटानं पुसली गेली. त्याच्या ओळीत मोजली, 57 भरली. शाईनं एकही हजेरी नाही.

वीसपैकी अठरा लिहिले. सरांनी चष्मा वर केला. "हा तर वर्षभर आलाच नाही. तोंडी कुठं घेतलीत याची?"

"गोठ्यात," म्हटलं.