शवविच्छेदन टेबलावर सुरू होत नाही

'मृत्यूचे कारण राखून ठेवले, व्हिसेरा जतन.' व्हिसेरा म्हणजे रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवलेले जठर, यकृत असे अवयव. पी.एम. नोट्सच्या (शवविच्छेदनाच्या अहवालाच्या) शेवटी ही ओळ दिसली की नातेवाइकांना वाटतं डॉक्टरांनी अंग काढून घेतलं, आणि तपासी अंमलदाराला वाटतं आता सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) येईपर्यंत आपल्याला काही काम नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. डॉक्टरांना किती सांगता येणार, हे बरंचसं प्रेत शवागारात पोचायच्या आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे परदेशासारखा स्वतंत्र मेडिकल एक्झामिनर नाही. मुंबईत 1871 च्या कायद्याखाली कोरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) होता, तो 1999 मध्ये गेला. आता राज्यभर एकच रीत. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194 लागू आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174 च असतं. गावात पोलीस पाटील खबर देतो, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते (विदर्भात 'मर्ग दाखल' म्हणतात), कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं आणि दोन किंवा अधिक पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो. अहवाल 24 तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाईचा संशयास्पद मृत्यू किंवा आत्महत्या असेल, तर चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे जाते. कोठडीतल्या मृत्यूतही तसंच, शिवाय राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवायचं आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं.

डॉक्टर बहुतेक वेळा घटनास्थळी जात नाहीत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असं नवा कायदा म्हणतो, पण तो प्रयोगशाळेचा माणूस. शवविच्छेदन करणारा डॉक्टर वेगळा. त्याच्या हातात येतात दोनच कागद: मरणोत्तर पंचनामा आणि पोलिसांचं विनंतीपत्र. बरोबर एक शिपाई असतो, आणि अनेकदा तो घटनास्थळी गेलेलाच नसतो. 'गळफास कुठे घेतला होता? पाय जमिनीला टेकले होते का?' असं विचारलं तर तो म्हणतो, 'साहेबांना विचारावं लागेल.' सगळ्यात जास्त माहिती गळते ती इथे.

कायद्याने पंचनाम्यात जखमा, अस्थिभंग, वळ, खरचटणं आणि ते कशाने झालेले दिसतात एवढं लिहायचं असतं. पंचनाम्याचा हेतू मृत्यूचं दिसणारं कारण नोंदवणं इतकाच आहे, आरोपींची नावं आणि सगळी हकिगत त्यात असलीच पाहिजे असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पेड्डा नारायण खटल्यात सांगितलं. पण म्हणून जखमांच्या बाबतीत हात आखडता घेऊन चालत नाही. प्रेत उताणं असतानाच, कपड्यांवरूनच बघून 'अंगावर इतर कोठेही जखम नाही' असं लिहिलं, आणि डॉक्टरांना पाठीवर वळ सापडले, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो: हे वळ आले कधी? प्रेत पालथं करून पाठ, काखा, डोक्याचे केस बाजूला सारून टाळू आणि नखं बघायला दहा मिनिटं लागतात.

त्याच वेळी अंग ताठ आहे की सैल, पाठीवरचे मृत्यूनंतरचे लाल-जांभळे डाग कुठे आहेत आणि बोटाने दाबल्यावर फिके होतात का, हे घड्याळातली वेळ लिहून नोंदवावं. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो. प्रेत शीतपेटीत गेलं की सगळा क्रम मंदावतो. सकाळी नऊला पंचनामा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शवविच्छेदन झालं, तर डॉक्टरांना मृत्यूची वेळ सांगायला सकाळची नोंद लागते, आणि शीतपेटीत कधी ठेवलं तेही लागतं. यातलं काहीच नसेल तर नुसत्या पोटातल्या अन्नावरून वेळ काढायला लावणं अन्यायाचं आहे.

गळफासाचा दोर हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. प्रेत खाली घेताना गाठ कधीही सोडायची नाही. दोर गाठीपासून लांब कापायचा आणि कापलेली टोकं दोऱ्याने बांधून ठेवायची, म्हणजे फासाचा मूळ आकार राहतो. आढ्यापासून फासापर्यंतची लांबी, आढ्याची जमिनीपासूनची उंची, पाय टेकले होते का, जवळ स्टूल होतं का, पडलं होतं का, हे मोजून लिहायचं. डॉक्टर गळ्यावरच्या व्रणाची रुंदी, तो हनुवटीपासून किती खाली आहे, तिरका चढलाय की आडवा, मध्ये कुठे तुटलाय, हे मोजतात आणि दोराच्या विणीशी ताडून बघतात. दोर प्रेताबरोबर आला नाही तर हे ताडणं होत नाही. मुद्देमाल म्हणून तो ठाण्यातच सील झालेला असतो, आणि मग महिनाभराने पत्र येतं: 'सदर दोराने व्रण होऊ शकतो काय?' तोवर प्रेताचा अंत्यविधी होऊन गेलेला असतो.

संशयास्पद मृत्यूत हातांना कागदी पिशव्या बांधाव्यात. प्लास्टिकमध्ये ओलावा साठतो आणि नखांतला पुरावा कुजतो. ओले, रक्ताळलेले कपडे सावलीत सुकवूनच सील करावेत. विहिरीत सापडलेल्या प्रेतासोबत त्याच विहिरीचं लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत यावं. डॉक्टर डायटमसाठी (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, बुडताना ते अंगात शिरतं) मांडीचं किंवा छातीचं हाड ठेवतात, पण ताडून बघायला पाणीच नसेल तर त्या हाडाचा उपयोग अर्धाच.

विषबाधेत पोलिसांनी काय सांगितलं यावर व्हिसेरा कशात ठेवायचा ते ठरतं. हे पोलिसांनाही पुरेसं माहीत नसतं. पहिल्या बरणीत जठर त्यातल्या पदार्थासह आणि लहान आतड्याचा वरचा सुमारे 30 सें.मी. भाग, दुसरीत यकृत 500 ग्रॅमपर्यंत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, शिवाय सोडियम फ्लोराइड घातलेलं सुमारे 10 मि.ली. रक्त, आणि वापरलेल्या द्रावणाचाच वेगळा नमुना. नेहमीचं द्रावण म्हणजे मिठाचं संतृप्त पाणी. तळाशी मीठ न विरघळता राहिलं पाहिजे, तरच ते संतृप्त. बरणीचा वरचा तिसरा भाग रिकामा ठेवायचा, कारण वायू होतो आणि गच्च भरलेल्या बरणीचं झाकण उडतं. जाळणाऱ्या आम्लाचा संशय असेल तर मिठाऐवजी रेक्टिफाइड स्पिरिट (शुद्ध केलेला अल्कोहोल), पण दारूचा किंवा धान्यात टाकायच्या फॉस्फाइडच्या गोळ्यांचा संशय असेल तर स्पिरिट चालत नाही. म्हणून शेतात सापडलेला डबा, बाटली, रिकामी पुडी, उलटीचे डाग पडलेला कपडा हे डॉक्टरांना आधी दाखवायला हवं. लेबलवर घटकाचं नाव असलं की प्रयोगशाळेलाही काय शोधायचं ते कळतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्हिसेरा फॉर्मॅलिन या ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात टाकणं. ऊतक कडक होतं आणि विष वेगळं काढणं अवघड होतं. उलट हृदय सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं असताना ते मिठाच्या पाण्यात ठेवलं तर पेशी बिघडतात. त्याला 10 टक्के फॉर्मॅलिनच लागतं. दोन बरण्या शेजारी ठेवून घाईत अदलाबदल झाली की दोन्ही तपासण्या गेल्या.

सी.ए. रिपोर्टात 'विष आढळले नाही' आलं म्हणजे विष नव्हतंच, असं मुळीच नाही. माणूस रुग्णालयात चार-पाच दिवस उपचार घेऊन मग वारला असेल, तर अंगातलं विष बरंचसं निघून गेलेलं असतं. अशा वेळी दाखल करताना जठर धुऊन काढलेलं पाणी आणि पहिलं रक्त हाच खरा पुरावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते एम.एल.सी. (न्यायवैद्यक प्रकरणाच्या) नोंदीसोबत राखून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असतं, आणि पोलिसांनी ते मागायचं असतं. एकाला वाटतं दुसरा मागेल, दुसऱ्याला वाटतं पहिला देईल, आणि ते ओतून दिलं जातं.

बरणीवर शवविच्छेदन क्रमांक, अकस्मात मृत्यू क्रमांक, अवयव, द्रावण, तारीख आणि सही हवी. सीलचा नमुना वेगळ्या कागदावर. प्रयोगशाळेत सील जुळलं नाही तर नमुना परत येतो. शक्यतो त्याच आठवड्यात शिपायाच्या हाती प्रयोगशाळेत पोचवावं. मे महिन्यात मुद्देमाल खोलीत बरण्या महिनाभर पडून राहिल्या तर शोधायला फारसं उरत नाही.

नातेवाईक 'आम्हाला पी.एम. नको' म्हणाले तरी न्यायवैद्यक प्रकरणात त्यांची संमती लागत नाही, हे शांतपणे आणि आदराने सांगावं. डॉक्टर प्रेत पोलिसांच्या ताब्यात देतात, पोलीस पावती घेऊन नातेवाइकांना. पुरेशा सोयी असतील तर 15 नोव्हेंबर 2021 पासून सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत किंवा घातपाताचा संशय असेल तर रात्री नाही; कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद.

आणि विनंतीपत्रात फक्त 'मृत्यूचे कारण कळवावे' लिहू नये. जखमा जिवंतपणीच्या की नंतरच्या, कोणत्या जखमेने मृत्यू झाला, जखमी झाल्यावर माणूस चालू-बोलू शकला असता का, असं नेमकं विचारावं. सी.ए. रिपोर्ट ठाण्यात आला की त्याची प्रत देऊन डॉक्टरांकडून अंतिम अभिप्राय लेखी मागावा. तो आपोआप येत नाही, आणि कित्येक फायली नेमक्या इथेच अडकतात. हत्यार सापडलं तर सीलबंद पाठवावं. डॉक्टर ते उघडून पात्याची लांबी-रुंदी मोजतात, धार एका बाजूला की दोन्ही ते बघतात, कागदावर आकृती काढतात, पी.एम. नोट्समधल्या जखमेची खोली आणि कडा यांच्याशी ताडतात, उत्तर लिहितात आणि स्वतःच्या सीलने पुन्हा बंद करून सही करतात. कोयत्याची आकृती नसेल आणि अभिप्रायात नुसतं 'होऊ शकते' असेल, तर तो कागद त्याच दिवशी परत पाठवून आकृती आणि मापं मागून घ्यावीत.