बाबांच्या टेनामेंटचा विमा

ऑगस्ट २०२४ मधे जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला जे पाणी आलं ते वडोदऱ्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नदी ३५ फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी २५-२६ फुटांची. बाबांचं टेनामेंट, म्हणजे आपलं स्वतंत्र छोटं घर, शहराच्या समा भागाकडे आहे, पुढचा ओटा तीन पायऱ्यांचा. २०१९ मधे ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ २० इंच पडला होता ना, तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं, त्यामुळे बाबांचं ठाम मत की आपल्याकडे इथपर्यंतच येतं, आत येत नाही. ह्या वेळी आत मांडीएवढं आलं आणि दोन दिवस हललंच नाही. आईबाबा वरच्या खोलीत, मी कारेलीबाग भागात अडकलेली, फोन लागेल तेव्हा लागेल.

पाणी उतरल्यावर गेले तर फ्रिज आडवा पडलेला, भिंतींवर सगळीकडे एकाच उंचीला गाळाची रेघ, आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात घराच्या सगळ्या फायली. दस्तावेज, घरपट्टीची बिलं, लोनचे कागद, सगळ्याचा लगदा व्हायच्या बेतात. लाइट आल्यावर मी एकेक पान हळूहळू सोडवून दोरीवर चिमटे लावून पंख्याखाली वाळत घातलं, आणि त्यातच ती पॉलिसी निघाली जिच्या भरवशावर बाबा दोन दिवस आईला धीर देत होते की घराचा विमा आहे आपला, काळजी करू नकोस. वरच्या खोलीसाठी लोन घेतलं तेव्हा बँकेतल्या माणसाने "काका, यात घराचा इन्शुरन्सपण आला" असं सांगून सही घेतली होती. मी वाचलं तर तो बाबांच्या आयुष्याचा विमा, म्हणजे बाबांना काही झालं तर लोन फिटणार. भिंत, फरशी, वायरिंग, सामान, एक शब्द नाही. मी सांगितलं तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत, चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मला अजून ते आठवलं की राग येतो.

म्हणून आधी हे बघा, आजच. लोनबरोबर मिळालेला कागद काढा आणि त्यात विमा कशाचा आहे ते वाचा, तुमच्या जिवाचा की घराचा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बँक सांगेल त्याच कंपनीचा घ्यायची सक्तीसुद्धा नसते.

मग मी बाबांसाठी नवीन पॉलिसी शोधायला बसले. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी आणली आहे, भारत गृह रक्षा. आग-भूकंपाचा विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती विकावी लागते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्या, त्यामुळे तुलना करणं खूप सोपं झालं. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात मुळातच येतं. पुरासाठी वेगळं काही जोडावं लागत नाही, आपल्या गावासाठी तर हेच सगळ्यात मोठं.

आता सगळेजण चुकतात ती जागा. विम्याची रक्कम किती लिहायची? बाबा लगेच म्हणाले ऐंशी लाख, कारण शेजारचं टेनामेंट तेवढ्याला गेलं. पण त्यात जमिनीची किंमत आहे ना, आणि जमीन जळत नाही की वाहून जात नाही. विमा बांधकामाचा असतो, तेच घर आज पुन्हा बांधायला किती लागेल तेवढाच. कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर. पॉलिसीत चौरस मीटर विचारतात पण हिशोब तोच. आमच्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने फुटाला १८०० सांगितले, एरिया ९७० फूट, झाले १७ लाख ४६ हजार. ऐंशी लाख लिहिले असते तर हप्ता उगाच जास्त गेला असता आणि नुकसान झाल्यावर मिळाले असते दुरुस्तीला लागतील तेवढेच. आणि उलट, हप्ता वाचवायला मुद्दाम कमी लिहू नका, सगळं घर गेलं तर तेवढ्यात बांधून होणार नाही.

कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, गच्चीवरचं सोलर हेसुद्धा इमारतीत धरतात पण त्यांचा खर्च आपण वेगळा सांगायचा असतो. हल्ली आपल्याकडे घरोघरी सोलर आहे आणि तेच लिहायचं राहून जातं.

घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप धरतात, जास्तीत जास्त १० लाख, यादी द्यावी लागत नाही. आमचे झाले साडेतीन लाखांच्या आसपास, आईबाबांच्या संसाराला पुरे. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी यादी देऊन वाढवून घ्यावं. दागिने मात्र ह्यात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं कव्हर जोडावं लागतं. स्कूटर-गाडीही नाही, आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर बुडालेल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही, आमच्या सोसायटीत किती जणांना हे तेव्हा कळलं. चोरीचंही नीट समजून घ्या, पूर वगैरे आल्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच ह्यात येते, एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी. आणि जुनी ओल, हळूहळू सुटणारं प्लास्टर, झिजलेले पाइप ह्याला कुणीच पैसे देत नाही.

फॉर्म भरताना एजंट म्हणाला आधीच्या पुराचं लिहू नका ताई, उगाच प्रश्न विचारतील. मी लिहिलं. लपवलं आणि उद्या क्लेमच्या वेळी निघालं तर सगळंच नाकारतील, मग हप्ते भरून उपयोग काय. खरं लिहूनही पॉलिसी मिळाली आणि वर्षाचा हप्ता दोन गॅस सिलिंडरपेक्षा कमी आला. इतकी वर्षं एवढ्यासाठी राहिलं होतं हे बघून आईला वाईट वाटलं. एकदम १० वर्षांपर्यंतची पण घेता येते आणि त्यात इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, बाबांच्या वयाला दरवर्षी रिन्यू करायची आठवण ठेवणं नको म्हणून आम्ही लांबची घेतली.

क्लेमची वेळ आलीच तर पाणी उतरल्या उतरल्या सगळ्याचे फोटो काढा, भिंतीवरची ती गाळाची रेघसुद्धा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. आम्ही तेव्हा गाद्या, प्लायचं कपाट, मिक्सर सगळं पहिल्याच दिवशी कॉर्पोरेशनच्या ट्रॅक्टरमधे टाकून दिलं होतं, विमा असता तरी दाखवायला काही उरलं नव्हतं.

पॉलिसीची पीडीएफ माझ्या, भावाच्या आणि बाबांच्या फोनमधे आहे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवलाय, दस्तावेजाच्या शेजारी. खालच्या कप्प्यात आता आईने नुसत्या चपला ठेवल्यात.