फेरीबोटीतला प्रश्न

‘भाऊ असा गेला, तरी तुझा येशू आहे असं वाटतं तुला?’

रायबंदरहून चोडणला येताना फेरीबोटीत शेजारच्या काकूंनी आज सरळ विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझ्याकडे उत्तरं होती हो! रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवते ना मी. पण घसा कोरडा पडला. मनात एवढंच म्हटलं, ‘प्रभू, तूच बोल.’ तोंडातून आलं ते भलतंच: ‘वाटतं, काकू. पण रात्री भीतीही वाटते. तेव्हा त्याचाच हात धरते.’

काकू मांडवी नदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बरं झालं, प्रवचन नाही केलंस.’ आणि पिशवीतली अबोलीची फाती, म्हणजे गजरा, अर्धी तोडून माझ्या हातात दिली. ‘भावाच्या फोटोला घाल.’

घरी येऊन बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र उघडलं, दुसरा अध्याय. एवढा विद्वान माणूस, पण लिहितो की मी तुमच्याकडे आलो तो अशक्तपणे, भीत, कापत. हे मी कितीदा वाचलंय. दरवेळी पुढच्या ‘सामर्थ्य’ या शब्दाकडे घाईने जायचे.

इतकी वर्षं मी प्रार्थनेत नेमके शब्दच का मागत होते?