तुम्ही विचारलंत म्हणून: लाल देऊळ आणि जुनी मशीद

रविवारी सकाळी मी पुण्याच्या लष्कर भागात पाच-दहा जणांना जुन्या इमारती दाखवत फिरते. शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. मोलेदिना रस्त्यावर लाल विटांच्या उंच मनोऱ्याखाली आलो की कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, पण सगळे धर्म शेवटी एकच सांगतात ना?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, उलट त्याला वाद टाळायचा असतो. पण त्याचं उत्तर उन्हात उभ्या उभ्या देता येत नाही.

तो मनोरा ओहेल डेव्हिडचा. हे ज्यूंचं सिनेगॉग डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि ते पुरं झालं १८६७ साली. पुणेकरांनी त्याचं नाव ठेवलं लाल देऊळ. मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेलं सिनेगॉग आहे, ते ओळखलं जातं जुनी मशीद म्हणून. सीएसएमटीनंतर लागतं त्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे धर्म एक, आणि त्याच्या प्रार्थनेच्या जागेला पुण्यात देऊळ, मुंबईत मशीद!

आता शब्द जरा उकलून बघा. देऊळ म्हणजे देवकुल, देवाचं घर. तिथे देव राहतो, त्याला सकाळी उठवतात, न्हाऊ घालतात, नैवेद्य दाखवतात. मशीद म्हणजे सजदा करायची, कपाळ टेकायची जागा. तिथे कोणी 'राहत' नाही. सिनेगॉग या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसताच 'जमणं'. आत मूर्ती नाही. जेरुसलेमकडच्या भिंतीत एक कपाट आणि त्यात तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, चामड्यावर हातानं लिहिलेल्या गुंडाळ्या. परंपरेनं दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना होतच नाहीत. माझ्या मते सगळा फरक इथेच, दारात, कळतो. शेवटी सगळं एकच असेलही, पण सुरुवात नक्कीच एक नाही.

उपासाचंही तसंच. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याचा लाडू. (त्या दिवशी मी जास्तच जेवते, हे कबूल.) रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही. ज्यूंचा योम किप्पूर जवळजवळ पंचवीस तासांचा, तोही निर्जळी, आणि त्यात मागायची ती वर्षभराच्या चुकांची माफी. तिन्हींना 'उपास' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, समजलं. समजलेलं काहीच नसतं.

पण म्हणून शेजाऱ्याचा शब्द वापरूच नये, असं मी म्हणणार नाही. कारण कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, नेमकं तेच केलं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली केलं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, हा शब्द गावाला ठाऊक नव्हता, पण बंद घाणा दिसत होता. त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका: योम किप्पूरला दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी घराची दारं बंद. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला बिरड्याचा रोजा. रोजा फारसी, बिरडं वालाचं, शोक हिब्रू! नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं करतात तो गोड पोह्यांचा मलिदा. (मराठीत 'मलिदा खाल्ला' म्हटलं की आपल्याला टेबलाखालचा हात आठवतो, त्याला ते काय करणार.) शब्द त्यांनी उसने घेतले, पण त्यात घातलं ते स्वतःचंच.

मिशनऱ्यांनाही हा पेच पडला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं, ओवीत, आणि ख्रिस्ती स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलं. तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाई बायबल मराठीत आणायला बसल्या, तेव्हा त्यांना हिंदू कल्पनांचा वास असलेले शब्द खटकत होते. दोघांची अडचण मला पटते. मी स्वतः एकदा चर्चसमोर मिस्साबद्दल, म्हणजे कॅथलिकांच्या भाकर वाटायच्या उपासनेबद्दल, सांगताना "मग सगळ्यांना प्रसाद देतात" असं बोलून गेले. गटात वसईच्या एक काकू होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "प्रसाद नाही हो बाई. आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीरच असतं." मी गप्प.

सगळ्यात गंमत पारशांची. आपला 'देव' त्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात 'दएव' होतो आणि तो वाईट. आपला 'असुर' तिथे 'अहुर', आणि अहुर मज्द हा तर परमेश्वर. एका कुळातल्या दोन भाषा, शब्द तेच, बाजू उलट. आणि बौद्धांना "तुमचा देव बुद्ध" म्हणाल, तर १९५६ साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आधी वाचा. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हे तिथे स्पष्ट म्हटलंय. आमच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकी दशावताराला तो नकार होता.

तर, सगळे धर्म एकच सांगतात का? विचारायचंच असेल तर त्या दारातल्या माणसाला विचारा, "याला तुमच्यात काय म्हणतात?" त्यावर लोक भरभरून बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता मलाही कोणी हसेल. परवा रिक्षात बसले आणि मोठ्या तोऱ्यात "ओहेल डेव्हिड सिनेगॉग" म्हणाले. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "लाल देऊळ का?" म्हटलं, हो, तेच.