गाणी आपल्याच डिस्कवर बरी

देश बदलला की एक गोष्ट लवकर कळते: स्ट्रीमिंग अ‍ॅपवरची गाणी तुमच्याबरोबर विमानात बसत नाहीत. खात्यावरचा देश बदलल्यावर यादीतली कितीतरी गाणी करडी पडतात. प्रसारणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्याला अ‍ॅप तरी काय करणार! म्हणून माझी गाणी माझ्या डिस्कवर, लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या मशीनवर आहेत. ‘एवढा खटाटोप कशाला’ असं मायदेशातून विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

लिनक्स म्हटलं की पहिला प्रश्न येतो, प्लेअर (गाणी वाजवणारा प्रोग्राम) कुठला? माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारावा. जुन्या अमारॉकवरून क्लेमेंटाइन आला, क्लेमेंटाइनमधून स्ट्रॉबेरी फुटला, उद्या आणखी काही येईल. प्लेअरने स्वतःच्या डेटाबेसात ठेवलेली माहिती बऱ्याचदा त्याच्याबरोबरच जाते. फाइलच्या आत टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या माहितीच्या रकान्यांत, लिहिलेली मात्र टिकते. तेव्हा मेहनत घ्यायची ती टॅगवर.

मूळ प्रत फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेल्या फाइलीत. सीडीवरचा आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. शिवाय मूळ आवाजाची एमडी५ बेरीज (पडताळणीचा आकडा) सहसा फाइलमध्येच साठवलेली असते, त्यामुळे काही वर्षांनी ती ताडून पाहणारी टेस्ट चालवली तर डिस्कवर फाइल खराब झाली का ते लगेच समजतं. फोनसाठी त्यातूनच १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) ओपस प्रती काढतो; ओपस म्हणजे थोडा तपशील गाळून आणखी लहान केलेली फाइल. बसमध्ये हेडफोन लावून फरक ओळखणारा अजून भेटायचाय.

फ्लॅकच्या टॅगमध्ये हवा तो रकाना घालता येतो. गायक-संगीतकारांबरोबर मी गीतकार आणि राग हे रकानेही भरतो, आणि क्वॉड लिबेट हा प्लेअर त्यांवर शोधू देतो. ‘यमन’ टाकलं की भावगीतापासून ख्यालापर्यंत सगळं एकाखाली एक! चित्रपटाच्या अल्बमला ‘अल्बम आर्टिस्ट’ (अख्ख्या अल्बमचा कलाकार) हा रकाना न विसरता भरावा, नाहीतर काही प्लेअर गायकागणिक त्याचे तुकडे करून ठेवतात.

खरी गंमत देवनागरीत आहे. ‘दऱ्या’मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एकदा खाली टिंब असलेला ऱ घेऊन, एकदा साधा र आणि न दिसणारा जोडक घेऊन. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, लिनक्सच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. एकच अल्बम दोन फोल्डरांत दिसतो आणि शोध अर्धाच लागतो. युनिकोडचं (संगणकावरच्या लिपींच्या प्रमाणकाचं) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निराळी रूपं एकसारखी करण्याची रीतही इथे उपयोगी पडत नाही. मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळे ऱ्या पहिल्या पद्धतीचे करून घेतले.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्समध्ये डिस्कवर फाइली ठेवण्याच्या ईएक्सटी४ पद्धतीत फाइलचं नाव २५५ बाइटांपुरतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ आटोपला. बंदिशीचा मुखडा, राग, ताल, गायक हे सगळं नावात कोंबू नका. नाव छोटं, बाकी टॅगमध्ये.

पिकार्ड हा टॅग भरणारा प्रोग्राम आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो. पण जे कुणी नोंदवलेलंच नाही, ते त्याला कुठून सापडणार? पिकार्ड ज्यातून माहिती घेतो त्या म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-नोंदवहीत कुणालाही नोंद करता येते. तुमच्याकडे जुन्या कॅसेटींची वेष्टनं असतील तर त्यावरची श्रेयनामावली तिथे घाला. इथे बसून आम्हाला ती वेष्टनं मिळत नाहीत.

ऐकण्यासाठी नॅव्हिड्रोम हा आपली गाणी स्ट्रीम करणारा प्रोग्राम, घरातल्याच एका छोट्या मशीनवर. बॅकअपला आरसिंक हा फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा प्रोग्राम, पण डिलीटचा पर्याय लावून नाही. तो लावला की इकडे चुकून उडालेलं तिकडूनही इमानेइतबारे उडवलं जातं. दुसरी डिस्क वेगळ्या घरात ठेवा, आणि अधूनमधून तिच्यावरची चार गाणी खरोखर वाजवून बघा.