रात्री नऊची लिंक

"दिवसभर नेट पळतं, रात्री नऊला सिनेमा लावला की नुसतं गोल फिरत बसतं. कंपनीनं स्पीड कमी केला का?" आज हा प्रश्न परत कानावर आला.

स्पीड बहुतेकदा कोणी कमी केलेला नसतो. शहरातून गावाला जोडणारी लिंक, म्हणजे सगळ्या गावाची सामायिक इंटरनेट वाट, समजा १ जीबीपीएसची (सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस) आहे. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. एकाच वेळी २०० घरांत व्हिडिओ सुरू झाला की लिंक भरली. आधी चित्र धूसर होतं, मग थांबतं.

खर्च ठरतो तो या गर्दीच्या तासांवर, महिन्याच्या एकूण जीबीवर नाही. आणि तो एकदम उडी मारतो: १० जीबीपीएसला जायचं तर दोन्ही टोकांची ऑप्टिक्स (फायबरमधून प्रकाशाचे सिग्नल पाठवणारे भाग), बऱ्याचदा ट्रॅफिक पुढे वाटून देणारा स्विचही बदलावा लागतो. गावात हा बोजा मोजक्याच घरांवर पडतो.

नेटफ्लिक्स आणि गूगल कॅशे सर्व्हर (लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती जवळच साठवून ठेवणारा संगणक) फुकट देतात, पण पुरेसं ट्रॅफिक असलेल्या इंटरनेट प्रोव्हायडरनाच. शिवाय तो शहरात बसवला तर ट्रान्झिटचं, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणीचं, बिल वाचतं. शहर ते गाव ही महागडी वाट तशीच तुंबलेली. कॅशे गावाकडच्या टोकाला हवा, बॅटरी बॅकअपसकट, आणि गर्दी नसताना पहाटे भरून घेतलेला.

चार छोट्या प्रोव्हायडरनी मिळून ट्रॅफिक दाखवलं, तर त्यांना असा एक सामायिक कॅशे का मिळू नये?