कॅशलेस नामंजूर, उपचार नव्हे

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात टीपीए डेस्कवर, म्हणजे आरोग्य विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरवर, मी बरीच वर्षं काढली. आता तिथे नाही. काउंटरच्या आत बसून जे दबक्या आवाजात सांगावं लागायचं, ते इथे मोकळेपणाने लिहिते.

विमा कंपनीचा ‘कॅशलेस डिनाइड’चा मेल आला की नातेवाइकांचा चेहरा पडतो. पहिला प्रश्न ठरलेला, “मॅडम, मग पेशंटला सिव्हिलला हलवायचं का?” अहो, थांबा. कंपनीने हॉस्पिटलला आत्ता थेट पैसे द्यायला नकार दिलाय, एवढंच झालंय. बिल भरा, सगळे कागद जपून ठेवा आणि रिइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवायला, क्लेम टाका. कॅशलेस नाकारलेले कितीतरी क्लेम असे नंतर पास झालेले मी पाहिलेत. आता ज्याचं द्राक्षांचं पेमेंट व्यापाऱ्याकडे अडकलंय, त्याने रातोरात दोन लाख कुठून उभे करायचे, हा प्रश्न उरतोच. पण पेशंट अत्यवस्थ असेल तर पैशांचं बोलणं नंतर. जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय. विमा असो वा नसो.

क्लेम अडकतो कुठे, तर पुष्कळदा कॅज्युअल्टीतल्या एका ओळीवर. एक प्रसंग सांगते. दिंडोरीकडचा एक मुलगा रात्री आईला घेऊन आला, छातीत दुखत होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, बीपी कधीपासून? पोरगा घाबरलेला, म्हणाला, “असेल चार-पाच वर्षं.” डॉक्टरने केसपेपरवर ‘पाच वर्षांपासून बीपी’ असं लिहून टाकलं. पॉलिसी दुसऱ्या वर्षात. सकाळी कंपनीची क्वेरी हजर: पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये बीपी का दाखवलं नाही? खरं तर माउलीची गोळी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. गावच्या डॉक्टरची पहिली चिठ्ठी घरी देवघरातल्या डब्यात होती. ती मागवली, त्यावरून आमच्या डॉक्टरांनी दुरुस्तीचं पत्र दिलं आणि मंजुरी आली. खोटं सांगा असं मी अजिबात म्हणत नाही. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, अंदाज ठोकू नका. आणि पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल, तर आधीचा आजार लपवला म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच.

मे २०२४ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, परिपत्रक काढलं. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. वाचायला छान वाटतं. पण हे तीन तास हॉस्पिटलची फाइल कंपनीकडे गेल्यावर सुरू होतात. सकाळी राउंडला डॉक्टर ‘आज सोडू’ म्हणतात, सुई काढली जाते, पिशव्या भरल्या जातात. इकडे फार्मसीची परतीची औषधं जमा व्हायची असतात, बिलिंगवाला जेवायला गेलेला असतो, फाइल चार वाजता निघते आणि शिव्या खाते विमा कंपनी. म्हणून मी लोकांना सांगायचे, “दादा, फाइल किती वाजता पाठवली ते विचारा.” आमच्या बिलिंगला हे आवडायचं नाही.

नकार आला तर तोंडी घेऊ नका. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मान्यता लागते आणि पॉलिसीतलं नेमकं कुठलं कलम ते लिहून द्यावं लागतं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटत नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. नाशिकसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत करा.

‘पूर्ण बिल भरल्याशिवाय पेशंट सोडणार नाही’ हे वाक्यही ऐकलंय. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत हे बसत नाही. थकबाकी राहते, ती वसूल करायला हॉस्पिटलला कायद्याचा मार्ग मोकळा आहे, पण माणूस अडवून ठेवता येत नाही. राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही, आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आमच्याकडे ती लावलेली होती. हेल्थ चेकअपच्या फ्लेक्समागे.

विमा हातचा गेलाच, तर रेशनकार्ड काढा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. हॉस्पिटल योजनेत हवं आणि मंजुरी उपचाराआधी हवी, म्हणून आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, पहिल्याच दिवशी गाठा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. ट्रस्टचं हॉस्पिटल आहे का, हे रिसेप्शनवर सरळ विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, मीही आधी साहेबांकडे बघूनच सांगायचे.